साल लिहायला जागा नाही

१२ मार्च, सकाळी
कारखान्याच्या गेटवर फळा लावायची परमिशन मिळाली! रोज एक दिनविशेष. खोकी बनवणाऱ्यांनाही इतिहास कळला पाहिजे. मी साधा स्टोअरकीपर. पण सोळा तारखेला सुपरवायझर नेमणार आहेत आणि मालकांच्या नजरेत भरायला दुसरा मार्ग नाही. फळा फार छोटा. साल आणि देश गाळणार. शहाण्याला शब्दाचा मार.
संकल्प: कुणावरही हात उगारायचा नाही.

१३ मार्च
लिहिलं: 'आज बादशहाच्या गाडीवर बॉम्ब. बादशहा ठार.' मालकांना सगळे मागून बादशहाच म्हणतात, हे डोक्यातच आलं नाही. फळा वाचून मालकांचा ड्रायव्हर चालू गाडीतून उडी मारून पळाला. गाडी कुंपणात. मग परत येऊन त्याने माझी कॉलर धरली. मी शांतच होतो. हातातला डस्टर तेवढा सुटला. लाकडी होता. त्याच्या भुवईला तीन टाके.

१४ मार्च
'पुरेसे प्रयत्न न केल्याबद्दल आज बड्या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या.' प्रॉडक्शन महिनाभर खाली आहे, त्यामुळे मॅनेजरना तो टोमणा स्वतःवरच वाटला. कुणाला गोळ्या घालतोस रे, म्हणत टेबलावरचं कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन फेकून मारलं. माझा पुढचा दात गेला. रक्त बरंच. बायको म्हणाली, आधी तो फळा पुसा. तिला व्हिजन नाही.

१५ मार्च, दुपारी
'आज भर सभेत जवळच्याच माणसांनी तेवीस वार करून मारलं.' नेमकी आजच मालकांची मीटिंग, यात माझा काय दोष? त्यांना वाटलं, आज आपला नंबर. त्यांनी मेव्हण्यांना बोलावलं. ते सळया घेऊन आले. कामगारांना वाटलं, आपल्यालाच बडवायला आले. त्यांनी लाकडी पट्ट्या उचलल्या. दोघांची डोकी फुटली, एकाचा हात मोडला. मी सोडवायला गेलो तर अंगावरून चौघं धावत गेले. इतिहासातून कुणी काही शिकत नाही, हेच खरं.

१६ मार्च, सकाळी
चौकीत बसून लिहितोय. कटाचा सूत्रधार म्हणून आणलंय. बरगडी ठणकतेय, तरी जरा ताठच बसलोय. सूत्रधार!

संध्याकाळी
मालक चौकीत आले. मला बघून हसायलाच लागले. म्हणाले, हा होय? याच्याने ढेकूणसुद्धा मारवत नाही, सोडा याला. हवालदारही हसला.
सुपरवायझर म्हणून त्या ड्रायव्हरलाच नेमलं. उद्यापासून त्याला साहेब म्हणायचं.
बायकोने बरगडी शेकून दिली. मला रडू आलं.