नारळाआधीचा दर्या

श्रावण शुद्ध नवमी, शके १८५५

सकाळीच दारात सुके बोंबील! नीराबाई कोळीण देऊन गेली. तिच्या दिराला ह्यांनी शिमग्यात हातभट्टीवर धरलं, तो अजून तुरुंगात आहे. तरी ही येतेच — "खा गो बाय, किती सुकलीस!" तिचा नवरा हरेश्वर मात्र ह्यांना पाहून वाट बदलतो. ह्यांच्या आधीच्या हवालदाराचं डोकं इथे थळातच दगडाने फोडलं होतं. हे फिरतीवर गेले की माझा जीव टांगणीला. हे म्हणतात, "हा दयाराम घाटावरचा आहे, डोकं टणक!" आणि वर हसतात! असा राग येतो, आणि असा लाडही.

द्वादशी

अलिबागहून हुकूम. दरोड्यातला फरारी समोरच्या उंदेरी बेटावर लपलाय, धरून आणा. आणा म्हणे! चौकीला होडी कुठली? आणि ह्यांना पोहता कुठे येतं? विहिरीत वाकून बघायला घाबरणारा माणूस!

हे हरेश्वरकडे गेले. तो म्हणाला, "नारल दिल्याबिगर होडी लोटायची न्हाय. पुनवंनंतर चला." ऊन लख्ख, समुद्र निवांत. हे भडकले. "भावाचा राग काढतोय. नारळाचं नुसतं निमित्त!" मलाही तसंच वाटलं.

त्रयोदशी

ह्यांनी हरेश्वरला अटकेची धमकी दिली. "नाहीतर मीच वल्हवत जातो!" त्यावर तो हसला म्हणे. "मराल, हवालदार. बसा."

दोघांपुरत्या भाकऱ्या बांधून दिल्या. त्याच्याशी गोडीने बोला, असं चारदा बजावलं. फरारी राहिला बाजूला, मला भीती हरेश्वरचीच. भर समुद्रात त्याच्या हाती एकटे!

त्रयोदशी, संध्याकाळ

वारा फिरलाय. होडी दिसत नाही. नीराबाई किनाऱ्यावरून हलत नव्हती, मी तिच्याशेजारी. दिवा लावायला तेवढी घरी आले. देवा, ह्यांना आण. पुन्हा कधी टोचून बोलणार नाही.

चतुर्दशी

उजाडताच कोळ्यांनी होड्या लोटल्या — नारळ न देताच. ह्यांना घेऊन आले. बेटावर कोणीच नव्हतं. परतताना होडी उलटली. हरेश्वरने ह्यांना खडकावर चढवलं, आणि लाटेने त्याला नेलं.

नीराबाई दारात आली. "हवालदारदादा जित्ता हाय नं, बाय?" एवढंच विचारलं.