ब्रेकचे रबर

मुलुंड, १४ मार्च १९८६. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. आत्ताच सायकलला ब्रेकचे नवे रबर बसवून हात धुतले.

माननीय न्यायाधीश साहेब,

माझ्या सायकलच्या धडकेने शेवंतीबाई गेल्या. ब्रेकचे रबर झिजलेले होते, तरी ब्रेक चांगले होते असे मी आपल्यासमोर सांगितले. आपण पन्नास रुपये दंड करून सोडलेत.

आज त्यांच्या मुलीच्या, मालनच्या, पाया पडायला गेलो. ती म्हणाली, "पाया काय पडतोस रे? आईला उडवायचंच होतं, तर ट्रकने उडवायचं ना! ड्रायव्हर आत गेला असता, विम्याचे चार पैसे मिळाले असते. तू काय, उद्या परत पाव विकत येशील."

आपला अपराधी,
चंद्रप्रकाश पाववाला

ता. क. दंड भरला, पन्नास रुपये. रबर, दीड रुपया. मालनचे देणे, कायद्याने काही नाही.