मरणाचे अकरा शब्द

चाकूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

रुद्राताईस, शिवकन्येचा नमस्कार.

आप्पा जिवंत आहेत. पुढचं वाच किंवा वाचू नको, पण ही ओळ दोनदा वाच. काकाचा बबलू सकाळी सकाळी चाकूरहून नांदेडला येऊन दारात उभा राहिला की तू काय समजशील, हे मला माहीत आहे. आपल्यात असा माणूस दारात येतो तो कशासाठी येतो, ते लहानपणापासून बघितलंय. म्हणून त्याला बजावलंय की तोंड उघडायचं न्हाई, नुसतं पत्र हातात द्यायचं आणि ओट्यावर बसायचं. तो परतीच्या गाडीपर्यंत थांबेल. तू त्याच्याबरोबर यावंस म्हणून हे लिहिते आहे.

पत्रात "इकडील सर्व क्षेम" लिहायची रीत आहे. आप्पांनीच ती पाचवीच्या वर्गात शिकवली. मी ती ओळ लिहीत नाही, कारण क्षेम नाही.

तीन वर्षं झाली तू माझा नंबर बंद करून ठेवलास त्याला. मी अधूनमधून लावून बघते. वाजतच नाही. एकदा शेजारच्या कमलम्मांच्या फोनवरून लावला तर तू "हॅलो" म्हणालीस. कमलम्मा म्हणाल्या, "बोल की गं, फुकटचा हाय फोन." मी ठेवून दिला. असली मी मास्तरीण.

मास्तरीण म्हटलं पण कॉलेजातलं तासिकेवरचं काम गेल्या वर्षीच सुटलं, ते तुला कुणी सांगितलं नसेल. आता मी घरात बसून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. एका कंपनीचं ॲप आहे, ते बाहेरदेशातली माणसं जोडून देतात. हसू नको, माझ्या वाट्याला पोलंड आलंय. संध्याकाळी साडेचारला चाकुरात मी दिवे घालवून बसते, कारण ट्यूबलाइट लावली की चेहरा भुतासारखा दिसतो, आणि तिकडं तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात.

त्यातल्या एका बाईचं तुला सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं मला लिहिता येणार नाही.

तिचं नाव हालिना. वय एकसष्ट, नवरा नाही. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची, आता घरी. एकुलता मुलगा मारेक इंग्लंडात गोदामात कामाला, तिथलीच बायको केलेली. नातू पाच वर्षांचा आणि त्याला नुसतं इंग्रजी येतं. आजी व्हिडिओवर दिसली की तो हात हलवायचा आणि पळून जायचा. त्या पोरासाठी ही बाई एकसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायला बसली.

ताई, इतकी कष्टाळू विद्यार्थीण मला अख्ख्या नोकरीत मिळाली नाही. वही आखलेली. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात पोलिश, तिसऱ्यात तिनं स्वतः केलेलं वाक्य. "द" आणि "ए" तिच्या तोंडी बसेनात. त्यांच्या भाषेत ते न्हाईतच, आपल्यासारखं. मी सांगायची, आमच्याकडंही बी.ए. झालेली पोरं ते खातात, तू काय मनाला लावून घेतेस. मग ती खूश.

म्हणी आणि वाक्प्रचारांचं तिला लई वेड. सोप्या कामाला इंग्रज केकचा तुकडा म्हणतात असं मी सांगितलं, तर म्हणाली, आमच्यात लोणी लावलेला पाव म्हणतात. तुमच्यात काय? मी म्हणाले, हातचा मळ. तिला अर्थ समजावला तर हसून हसून डोळे पुसायला लागली. तिनं वहीत चौथा रकाना आखला, माझ्यासाठी, मराठीचा. पोलिश अक्षरात मराठी लिहायची. आईनंतर घरात एवढं हसू माझ्या तोंडून त्या तासालाच निघायचं, हे खोटं नाही.

ऑगस्टात तिची शेजारीण वारली. त्या दिवशी तिनं विचारलं, कुणी मेलं तर इंग्रजीत तोंडावर कसं बोलायचं? नातवाच्या घरी उद्या कुणाचं काही झालं तर मी काय म्हणू? मी स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहून दिलं. जाणं, सोडून जाणं, हरवणं, शांत होणं, राहिले नाहीत, असे मोजून अकरा प्रकार झाले. ती म्हणाली, आमच्यात गंमतीनं म्हणतात की अमका आता फुलांचा वास खालून घेतो. मी सांगितलं, आमच्यात देवाघरी जातात, आणि आमच्या लिंगायतांत लिंगैक्य होतात. तिनं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, इतके शब्द का लागतात? मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, ऐकणाऱ्याला लागू नये म्हणून.

सप्टेंबरात एका बुधवारी तासाची वेळ नसताना तिचा व्हिडिओ फोन आला. चेहरा पांढरा. सुनेचा फोन आला होता, सून रडत होती, बोलणं काही कळलं नाही, मग सुनेनं मेसेज पाठवला. तो तिनं उघडला होता पण वाचला नव्हता. म्हणाली, फोन भाषांतर करून देतो, पण मला यंत्राकडून ऐकायचं नाही. टीचर, तू वाच आणि मला सोप्या इंग्रजीत सांग.

तिनं तो मला पाठवला. मी वाचलं. मारेकवर गोदामात माल पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. दवाखान्याचं नाव लिहिलेलं होतं. सुनेनं आडपडदा काही ठेवला नव्हता.

हालिना म्हणाली, "जिवंत आहे?"

मी म्हणाले, "हो. सिरियस आहे. लगेच नीघ."

ताई, मी विचार करून बोलले नाही. आपल्यात जे करतात तेच माझ्या तोंडातून बाहेर पडलं. लांबच्या माणसाला मेलेलं सांगायचं नाही, सिरियस सांगायचं. प्रवास करायला त्याच्या पायात बळ राहिलं पाहिजे. वाटेत कुठं पडला तर? घरी आल्यावर चार बायका धरायला असतात. ऐकणाऱ्यालाही ही रीत माहीत असते. तो निम्म्या वाटेत समजून चुकतो आणि खिडकीबाहेर बघत रडून घेतो. पण हालिनाला ती कुठून माहीत असणार? तिच्याकडं सिरियस म्हणजे सिरियस. तिनं ते खरं मानलं.

तिनं दुसऱ्या दिवसाचं विमान घेतलं. विमानतळावरून मला दोन मेसेज आले. पहिल्यात लिहिलं होतं, त्याचे लोकरीचे मोजे घेतले आणि खसखशीचा केक केला, दवाखान्यात खाऊ देतील का? दुसऱ्यात एक वाक्य होतं, तपासून मागितलेलं. "मी मारेकची आई. तो कोणत्या वॉर्डात आहे?" त्यात तिनं "द" खाल्ला होता. मी तो घालून वाक्य परत पाठवलं.

काय हात माझे. खरं लिहायला तेव्हाही वेळ होता. मी "द" दुरुस्त करत बसले.

सून घरी वाट बघत होती. मेसेज उघडला गेलाय म्हणजे सासूला कळलंय, असं ती धरून चालली. हालिना विमानतळावरून टॅक्सीनं थेट दवाखान्यात गेली आणि खिडकीपाशी ते वाक्य बोलली, मी दुरुस्त केलेलं, बिनचूक. तिला वॉर्डात नेलं नाही, खाली नेलं.

बारा दिवसांनी तिचा मेसेज आला. "टीचर, तू मला मरणाचे अकरा शब्द शिकवलेस. मला एक लागत होता." मी माफीचं लांबलचक पत्र पाठवलं. तिनं वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही, आणि येऊ नये.

आता तुझं.

बावीस सालच्या जूनमध्ये आई सकाळी सात वाजता गेली. मी तुला आठला फोन केला, "आईला जरा बरं न्हाई, येऊन जा." घरातल्या सगळ्यांनी असंच सांग म्हटलं होतं. इथवर तूही मला माफ केलं असतंस, कारण तू पण ह्याच घरची. पण तू विचारलंस, "शिवी, खरं सांग, हाय ना ती?" आणि मी म्हणाले, "हाव, हाय की. आत्ताच कपभर चहा पिली."

चहाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं.

तू निश्चिंत झालीस. दाजींना कचेरीतून निघायला दुपार होणार होती, तू थांबलीस. वाटेत मोसंब्या घेतल्यास, आईला मऊ सुती गाऊन घेतलास. पाऊस भरून आला होता म्हणून इकडं लोकांनी घाई केली. आईला भस्म लावून बसवलं होतं, ती तशी तुला दिसायला हवी होती. तू आलीस तेव्हा खड्डा बुजवून माणसं हातपाय धूत होती. मोसंब्यांची पिशवी तू खाली ठेवली नाहीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्या आईला मेल्यावर चहा पाजलीस तू." त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

तीन वर्षं मी लोकांना सांगत आले की ताईला वाटेत त्रास नको म्हणून बोलले. हालिनालाही तेच लिहिलं. ते खोटं आहे. तू फोनवर रडली असतीस आणि ते मला एकटीला ऐकावं लागलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं. तुझ्या पायातलं बळ वगैरे काही नाही. भित्री मी आहे.

आता आप्पांचं, जसं आहे तसं. घशाचा कॅन्सर. मार्चपासून घसा बसला होता, आम्ही हळद-दूध करत राहिलो, तिथं चुकलो. लातूरला ऑगस्टात निदान झालं. घशाला भोक पाडून नळी बसवलीय, आवाज गेला. पातळ पेज नाकातल्या नळीनं देतो. वजन एकेचाळीस किलो. दहा तारखेला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, "तीन आठवडे, लई झालं तर महिना." त्यातले आठ दिवस गेले. माणसं ओळखतात. शाळेची पाटी मांडीवर असते, तिच्यावर लिहून बोलतात. रोज एकदा तुझं नाव लिहितात आणि आपल्याच तळहातानं पुसतात.

गेल्या गुरुवारी बबलूनं दाजींना फोन करून सांगितलं की आप्पा सिरियस हायत. त्याला तरी दुसरा शब्द कुठं येतो. तू उठून डोक्यावरून पाणी घेतलंस म्हणे, जिवंत बापाच्या नावानं. आणि म्हणालीस, "तुमच्या सिरियसचा अर्थ मला माहिताय. कधी गेले तेवढं सांगा. पुन्हा माती बघायला मी येणार न्हाई." बबलूनं व्हिडिओ पाठवला तर कधीचा आहे कोण जाणे म्हणालीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तो शब्द आम्हीच नासवला. आता खरंच सिरियस असलेल्या माणसासाठी आमच्याजवळ शब्दच उरला नाही.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत काही होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. झालंच तर मी दाजींच्या नंबरावर फोन करीन आणि म्हणेन, "आप्पा मेले." तेवढंच म्हणेन. तू रडलीस तर फोन ठेवणार नाही, ऐकत राहीन.

एवढं लिहून झाल्यावर सगळं पत्र आप्पांना वाचून दाखवलं, चहासकट. मला वाटलं आता पाटीवर काहीतरी कडक येईल. त्यांनी पाटी बाजूला सारली आणि पेन मागितला. खालच्या ओळींना त्यांना अर्धा तास लागला. अक्षर वाकडं झालंय, पण तुझ्या नावाचा "रु" बघ. तो तू कुठंही ओळखशील.

*रुद्रा, आज १८ तारीख, मंगळवार. दुपारचे तीन. मी जिवंत आहे. आईच्या वेळी शिवीला फोन मीच लावायला सांगितला, मेलेलं सांगू नको हेही मीच. ती रडत होती, मी दटावलं. तीन वर्षं ती माझं नाव न घेता ऐकून घेते, मीही घेऊ दिलं. रागवायचं तर मला रागव. पण समोर येऊन. माती बघायला येऊ नको. — आप्पा*

हे मी लिहिणार नव्हते. त्यांनीच लिहिलं, आणि कागद फाडू देईनात.

बबलू तुझ्या ओट्यावर बसला असेल. परतीची गाडी दुपारी दीडची आहे. मोसंब्या आणू नको, त्यांना गिळता येत नाही. तू नुसती ये.

कळावे, एवढंच लिहिते. पुढचं "लोभ असावा" मागायचा मला हक्क नाही.

शिवकन्या