दादाच्या खिडकीसमोरचं झाड

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आज झाड लावलं. दादाच्या खिडकीसमोर, भिंतीपासून बरोब्बर दीड मीटरवर, टेपने मोजून. तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेल्या माणसाचं काम असं असतं. उंची ६१ सेंटिमीटर. मोठं झालं की याची साल कागदासारखी सुटते, आत तांब्याचा रंग, वर पांढरी फुलं. नर्सरीवाला म्हणाला, फार सावकाश वाढतं, फुलायला आठ-दहा वर्षं धरा. या लोकांना हातचं राखून बोलायची सवय असते. मी तीन धरली आहेत.

नोव्हेंबरात दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वडील गेल्यावर यानेच मला वाढवलं, बस चालवून शिकवलं. आता माझी पाळी. पलंगावरून त्याला दिसतं काय, तर रस्ता, बसस्टॉप आणि धूर. माणूस बरा होणार कसा? झाडाने होईल.

संकल्प: एक, रोज झाडाचं माप. दोन, रोज दादाचा तासभर व्यायाम, जातीने.

५ फेब्रुवारी
माप ६१. व्यायाम बायकोने घेतला. माझे हात मातीचे होते.

१९ फेब्रुवारी
वाऱ्याने रोप हलतं. चार बांबू रोवून हिरवी जाळी बांधली, दोन मीटर उंच. काम देखणं झालं. खोलीत जरा अंधार आला, पण आजाऱ्याला तो बराच. दादाने डावा हात वर केला. आनंद झाला असावा. बायको म्हणाली, दादांना आता बाहेरचं काही दिसत नाही. मी म्हटलं, झाड दिसतं ना! ती म्हणाली, जाळी दिसते. लांबचा विचार तिला जमत नाही.

११ मार्च
बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. दादाच्या तोंडून ‘ब’ निघाला! पुढचं अक्षर ओठांतच राहिलं. माझी खात्री आहे, त्याला ‘बहर’ म्हणायचं होतं. बाई म्हणाल्या, घाई करू नका. बायकोने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि बराच वेळ बाहेर बोलत उभी राहिली. काय ते मी विचारलं नाही. पाणी घालायची वेळ झाली होती.

२ एप्रिल, दुपार
दादा बोलला! स्पष्ट. ‘बस’ म्हणाला. मी ताबडतोब खुर्ची ओढून शेजारी बसलो. पुन्हा म्हणाला, बस. मी म्हटलं, बसलोय रे. चार वेळा म्हणाला. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. इतकी जवळीक आमच्यात कित्येक वर्षांत नव्हती. व्यायाम राहिला.

१४ एप्रिल
माप ६१. सालही सुटत नाही. ब्लेडने थोडी मदत केली. आत हिरवट, ओलसर निघालं. हवा लागली की तांबडं होईल.

२० मे
बुंध्याची साल चारही बाजूंनी सोलून काढली, वीतभर, एकसारखी. हात अजून स्थिर आहे. पानं पिवळी पडली आहेत. सगळा जोर बुंध्यात गेला असणार.

९ जून
पानं गळून गेली. झाड विश्रांती घेतंय. माप ६१.५. पट्टी जराशी तिरपी धरली गेली असेल, पण वाढ ती वाढ.
दादा नीट जेवत नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. मी बायकोला म्हटलं, झाडासारखाच, विश्रांती घेतोय. ती ताट घेऊन पुन्हा त्याच्याजवळ गेली.

२३ जून
सकाळी बायको ओल्या हातांनीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, चाळीस वर्षं बस चालवली त्या माणसाने. जाळी लागायच्या आधी दिवसभर स्टॉपकडे बघायचे. गाडी वेळेवर आली की एक बोट वर, उशिरा आली की दोन. मी पोळ्या करताना विचारायचे, दादा, किती? आणि ते बोटं दाखवायचे. बस म्हणजे बस, तुम्ही खुर्ची घेऊन काय बसलात? आणि त्यांच्या पाठीला जखम झालीय, ती एकदा तरी बघितलीत का?

मी म्हटलं, हे आधी सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, तीनदा सांगितलं. मी या वहीची मागची पानं चाळली. एकोणीस फेब्रुवारीला काहीतरी आहे, पण त्यात बसचा उल्लेख नाही.
संकल्प: रविवारी जाळी काढणे. जखम बघणे.

२८ जून, रविवार
वारा फार आहे. उघड्या बुंध्याला बाधेल. आणखी एक आठवडा, मग नक्की. दादाला तसं समजावून सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. पटलं असावं.
पाठ बायकोने पुसून औषध लावलेलं होतं, म्हणून उघडली नाही.

२ जुलै
सकाळी सव्वासहाला बायको चहा घेऊन गेली. दादा गेला होता.
तोंड भिंतीकडे होतं.

५ जुलै, रविवार
जाळी काढली. ठरल्याप्रमाणे. वीस मिनिटं लागली.

१८ जुलै
नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने नखाने फांदी खरवडली. आत तपकिरी, कोरडं. म्हणाला, साल गोल सोलली की झाड जगत नाही. वेळ आली की ते आपली साल आपणच टाकतं, त्याला हात लावायचा नसतो. हे मेमध्येच गेलं असणार, त्यानंतर तुम्ही लाकडाला पाणी घालत होतात. एका हाताने उपटून काढलं त्याने. दुसरं देऊ का, विचारलं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. नको म्हणालो.

२६ जुलै
पुतणी आली होती, दादाचे कपडे आणि चष्मा न्यायला. लांब राहते, नोकरी सोडून येणं जमलं नाही, ते तिला लागून राहिलंय. म्हणाली, काका, तुम्ही होतात म्हणून बाबांचं इतकं झालं. मग विचारलं तिने, बाबा दिवसभर करायचे काय?
मी म्हणालो, झाडाकडे बघत असायचा. फार आवडायचं त्याला.
तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हणाली, कुठलं झाड?
बायको उठून आत गेली.