माझ्या जागेवर सून बसते

बाजारातली जागा तू मला दिलीस, पण दिल्यावर पोटात कसं जळतं ते सांगितलं नाहीस. सांगायला हवं होतंस, आये. सासू होतीस माझी, बाकी सगळं तर न विचारता सांगायचीस. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच मोकळं लिहिते.

मला छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी उजवी बाजू काढली, औषधांनी केस गेले, परत आले. मी जगले. पण हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून पालघरच्या मासळीबाजारात सून बसायला लागली. बसली तर बसली, वर चांगली विकते. पापलेट साफ करून, तुकडे करून देते आणि हसते. मी कधी हसले होते? बँकेतली बाई माझ्याशी भांडून भाव करायची, ती आता माझ्यासमोर तिला ‘ताई’ म्हणते.

दर मंगळवारी पालघरला योगाचा वर्ग असतो, कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचा. बोईसरच्या कॉलनीतल्या बायका चटया घेऊन येतात, मी सातपाटीहून जुनी चादर नेते. आधी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, मग डोळे मिटून नुसता श्वास बघायचा. शिकवणारी मुलगी म्हणते, मनात येईल ते येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका. एकदा तिने विचारलं, “आजी, काय आलं मनात?”

“सून आली. माझ्या जागेवर बसलीय.”

“तिच्याकडे बघा, आणि जाऊ द्या.”

“जात नाय ना. माल संपेपर्यंत उठत नाय ती.”

बायका हसून लोळल्या. मी नाही हसले.

वर्ग सुटला की मी बाजारात जाते आणि तिच्या मागे बसते. तूही माझ्या मागे अशीच बसायचीस. मी भाव सांगितला की खोकायचीस. मला वाटायचं माझा भाव चुकतो. आता मी खोकते, तर सून वळून म्हणते, “आये, खोकला हाय तर घरी झोपा ना.” तुझी सून इतकी उद्धट नव्हती.

गेल्या मंगळवारी हात पुरता वर गेला, दंड कानाला टेकला. बोईसरच्या एका बाईने मिठी मारली, रडलीसुद्धा. डॉक्टर तर आधीच म्हणालेत, हात सुटला की बसून विका, जड उचलू नका, त्या हाताला कुठे कापून घेऊ नका. मी बाजारात गेले. सुनेने मासा कापता कापता विचारलं, “हात काय म्हणतो, आये?”

“तसाच हाय,” म्हटलं मी.

हात चालत नाही तोवर जागा माझी आणि ती नुसती सांभाळते. हात बरा म्हणून मी बसले, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणालं, ताई कुठे गेल्या, तर? तू गुडघे धरून त्या जागेवरून कायमची उठलीस तेव्हा ते खरंच दुखत होते का गं? की माझ्याकडे गिऱ्हाईक जास्त यायला लागलं होतं?

हात सुटल्याचं घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. हात वर जात नाही म्हणून सून माझ्या वेण्या घालते आणि मी घालून घेते. मला ते आवडायला लागलंय.

जागा मागू की नको, ते सांग. आणि तूच सांग. तिकडे वर तुझ्याजवळ आलेल्या तुझ्या मुलाला पुढे करू नकोस, इथे माझा नवरा असताना कधी धड उत्तर दिलं नाही त्याने.