तिघांतून एक

प्रिय संग्राम,

ऑफिसची कॅब सर्जापूर रोडवर अडकली आहे, म्हणून आत्ताच फोनवर लिहितेय. घरी पोचल्यावर त्राण उरत नाही.

तुझी लेक बरी आहे. रंजिता गेली त्याला वर्ष होत आलं. आता वेणी घालताना कावेरी आईसाठी रडत नाही. मी दमले आहे, इतकंच. मी चप्पल काढते न काढते तोच ती पाटी घेऊन येते. शाळेत ट्वेंटी फाइव्ह, खालच्या दुकानात कानडीतलं इप्पत्तैदु आणि माझ्याकडे पंचवीस. पंचवीसमध्ये तिला आधी पाच ऐकू येतो, म्हणून ती आधी पाच लिहिते, मग दोन. झाले बावन्न. रोज समजावते, रोज बावन्न. परवा माझा आवाज चढला. तिनं मुकाट्यानं पुसून पुन्हा लिहिलं. हट्ट करून रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग पाटी ठेवली आणि दोघी अवरेकाळूच्या शेंगा सोलायला बसलो. दाण्यांवर तिची वजाबाकी छान जमते. सातातून तीन, नवातून पाच, पटापट सांगत होती. बोलता बोलता मी माणसांवर आले. घरात तिघं होती, एक गेलं, किती उरली? विचारलं आणि जीभ चावली. ती सोलता सोलता म्हणाली, एक. मी म्हटलं, नीट मोज बाळ, दोन. तर म्हणते, "नाही आत्या. आई गेली, मग अप्पा होसकोटेला गेले. मीच राहिले." आणि पुढचं गणित घाल म्हणाली.

गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, अक्का, कावेरीला कायमची ठेवून घेशील का. मी 'बघू' म्हणाले होते. आता सांगते, नाही. दमले आहे म्हणून 'नाही' म्हणत नाही. ते मी निभावलं असतं. तिच्याकडे बघितलं की तुला रंजिता दिसते, म्हणून दिवाळीपासून तू फिरकला नाहीस. मलाही दिसते रे. परीक्षेपर्यंत ती इथं राहील, सुट्टी लागली की तू तिला होसकोटेला न्यायचंस. स्वयंपाकाचं, तुझ्या शिफ्टचं आपण बसून बघू. त्याआधी या रविवारी ये. तिला काही सांगितलेलं नाही. तू नाही आलास, तर निदान ती दाराकडे बघत बसायची नाही.

तुझीच,
गौरीअक्का