कुरडयांशेजारचं शेवाळ

चैत्र वद्य तृतीया, शके १८६०

सगळ्यांच्या आधी टपकल्या त्या अंबिकाबाई! यजमान व्यंकटराव आन मुलगा मुकुंद मागच्या टांग्यात, या पुढं. आमची कालिंदी बघायला पैठणहून आलेली मंडळी. मुलाची आई, पण बूड टेकेल तर शपथ! "काकू, मी काय पाहुणी आहे? कढई ठेवा, कुरडया मी तळते." कुरडया आणायला चढल्या की माळवदावर! बाई मला लई आवडली.

पण तिथं कुरडयांशेजारी कालिंदीचं शेवाळ वाळत होतं. नात माझी हैदराबादेस शिकते. तिच्या वर्गाला वाल्टेरच्या समुद्रावर नेलं होतं. खडकावर लाकडी चौकट टाकायची, आतलं शेवाळ खरवडायचं, वाळवून तोलायचं — मंग कळतं कुठं दाट, कुठं विरळ. उन्हानं पांढरं, वेटोळं झालेलं. बाईंनी नेमकं तेच उचललं!

कढईत पडलं आन घरभर मासळीबाजार! व्यंकटरावांनी उपरणं नाकाला लावलं — "ब्राह्मणाच्या घरात हे काय तळता?" कालिंदी धावत आली, "अहो, ते माझं शेवाळ!" आन रडायलाच बसली. मंडळी "कळवतो" म्हणून उठली. मला मेलीला हसू आवरेना.

वद्य पंचमी

निरोप नाही.

वद्य अष्टमी

आज नाही हसले. पाण्यालगतच्या चौकटीतलं, सगळ्यात दाट, तेच जळालं. त्याच्याशिवाय पोरीचं काम अर्धं. म्हणते, "आजी, स्थळ गेलं तर जाऊ दे. मला परत समुद्रावर जाऊ दे." तिचा बाप, माझा बद्रीनाथ, म्हणतो, "शेवाळापायी स्थळ गेलं. शिक्षण पुरे." पोर जेवली नाही. साखरभात केला तेव्हा चार घास गेले. केशर मात्र जरा जास्तच पडलं.

वद्य एकादशी

अंबिकाबाई आल्या! मुकुंदला घेऊन, न कळवता. बद्रीनाथला सरळ म्हणाल्या, "तळलं मी. शिक्षा पोरीला का?" तो म्हणे, "पण व्यंकटरावांना तो वास..." "त्यांचं नाक मी सांभाळते!" तिकडं मुकुंद कालिंदीला हळूच — "चौकट केवढी असते? सुताराकडून करून आणू?" पोरीनं हातानं माप दाखवलं. बद्रीनाथ मात्र "बघू" एवढंच. मंडळी मुक्कामाला राहिली. माझा उपास, पण पोट भरलं!

वद्य द्वादशी

बद्रीनाथ हो म्हणाला! "स्थळच शिकवा म्हणतंय, मी कशाला अडवू?" मंडळी अक्षय्य तृतीयेला परत येणार. साखरपुड्याला नव्हे — कालिंदीला वाल्टेरला न्यायला. लग्नाचं काय ते, शेवाळ तोलून झाल्यावर कालिंदीच सांगेल, म्हणे. आन अंबिकाबाई टांग्यात चढता चढता — "काकू, तुम्हीही लुगडी बांधून ठेवा!"